रेंज फुल्ल, पण फोन उचलतंय कोण?

*ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये निघालात आणि बॅगेत सॅटेलाइट फोन टाकलात, की टेन्शन खल्लास? आम्हालाही अगदी तसंच वाटलं होतं. एका रात्रीत कळलं, की उपग्रह कधीचाच तयार असतो. तयारी नसते ती आपली!*

आईनं फोन कट केला. एकदा नाही, तब्बल तीनदा!

गोष्ट २०२३ च्या जुलैमधली. मी, माझा नवरा आणि मिरजेहून आलेले माझे बाबा, असे तिघं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकवर होतो. आजूबाजूला लाल माती, वर निळंशार आकाश आणि मधे आमची भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह. बाकी चिटपाखरू नाही. मोबाईलच्या दांड्या कधीच गायब झाल्या होत्या. म्हटलं, चला, सॅटेलाइट फोनची ट्रायल घेऊ. अँटेना वर काढली, मिरजेचा नंबर फिरवला. रिंग गेली, आईनं उचललासुद्धा!

‘‘आई, मी बोलतेय, सॅटेलाइटवरून...’’

‘‘काय? कुठून? हे बघा, आमचं कार्ड-बिर्ड काही ब्लॉक झालेलं नाही. परत फोन करायचा नाही!’’

खटॅक.

बिचारीची काय चूक? स्क्रीनवर भलताच लांबलचक नंबर, पलीकडून बाटलीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आणि प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर शांतता. बँकेच्या नावानं गंडवणारे असेच तर बोलतात. दुसऱ्या वेळी तिनं नुसतं ‘‘हॅलो’’ म्हणून ठेवला, तिसऱ्या वेळी वाजू न देताच कापला. आम्ही पोट धरून हसलो. फोन चालतो हे सिद्ध झालं होतं ना! मी तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि विसरून गेले.

याच हसण्याची किंमत पुढच्या रात्री मोजावी लागली.

बाबांचा हट्ट

आधी जरा फ्लॅशबॅक. लग्नानंतर आम्ही अ‍ॅडलेडला आलो, दोघंही आयटीत. वीकएंडला बीच, वायनरी, बार्बेक्यू सगळं करून झालं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना समुद्र दाखवला, कोआला दाखवला. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, ‘‘ती जुनी घान रेल्वे कुठून जायची गं?’’

बाबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झाले. रूळ दिसले की ते थांबणारच. जुनी घान ही १०६७ मिलिमीटर गेजची लाइन. १९८० मध्ये नवी लाइन झाली आणि ही बंद पडली. पण तिचे पडके साइडिंग, पाण्याच्या टाक्या आणि पूल ऊडनाडाटा ट्रॅकच्या कडेकडेनं अजून उभे आहेत. ‘घान’ हे नाव आलं अफगाण उंटवाल्यांवरून. एकोणिसाव्या शतकात हे उंटवाले कराचीहून जहाजातून उंट घेऊन आले. त्यात अफगाण तर होतेच, पण बलुची, सिंधी, पंजाबीही होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती हे सांगितल्यावर बाबांचा ऊर जरा फुगलाच.

ट्रॅक सुरू होतो त्या गावाचं नाव मरी. ‘‘मरीआईचं गाव का काय?’’ बाबांचा पहिला प्रश्न! तिथून विल्यम क्रीक, मग ऊडनाडाटा, मग मार्ला, असा ६०० किलोमीटरच्या वरचा कच्चा रस्ता. विल्यम क्रीकची वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्या भोवती पसरलेलं अ‍ॅना क्रीक हे गुरांचं स्टेशन आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. ‘‘एवढी जमीन? आणि सातबारा कुणाच्या नावावर?’’ इति बाबा.

हा पसारा डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक साधा हिशेब. दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य तीन महाराष्ट्रांएवढं आहे. लोकसंख्या पुण्याहूनही कमी, आणि त्यातलेही बहुतेक जण अ‍ॅडलेडमध्ये. मोबाईल कंपन्या अभिमानानं सांगतात, की देशातल्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांना नेटवर्क मिळतं. खरंय. लोकांना मिळतं. जमिनीचं विचाराल तर त्यांच्याच नकाशावर निम्म्याहून जास्त देश कोरा आहे. आम्ही निघालो होतो त्या कोऱ्या भागात. म्हणून मग भाड्यानं घेतला सॅटेलाइट फोन.

दुकानातल्या मुलानं पाच मिनिटं डेमो दिला. मी तीन मिनिटं ऐकला. उरलेली दोन मिनिटं व्हॉट्सॲप बघत होते.

आकाशातली लोकल

तो डेमो मी नीट ऐकला असता तर एवढं तरी कळलं असतं, की सॅटेलाइट फोन दोन घराण्यांचे असतात.

पहिलं घराणं खूप उंचावर राहणारं. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, त्यामुळे आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. इनमारसॅट आणि थुराया या घराण्यातले. फायदा असा, की एकदा दिशा सापडली की विषय संपला. तोटा असा, की ती दिशा मोकळीच हवी. ऑस्ट्रेलियातून हे उपग्रह उत्तरेकडे दिसतात. तुम्ही घळीत उतरलात आणि उत्तरेला उंच कडा असला, की बोंबला! शिवाय आवाजाला एवढा प्रवास करावा लागतो, की बोलून झाल्यावर पलीकडून उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम थांबतात. साखरपुड्यानंतरच्या पहिल्या फोनसारखं!

दुसरं घराणं खाली राहणारं, पण धावपळ करणारं. इरिडियमचे ६६ उपग्रह फक्त ७८० किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे पळत असतात. एकेक उपग्रह आपल्या डोक्यावरून दहाएक मिनिटांत निघून जातो, आणि चालू कॉल मागून येणाऱ्या उपग्रहाच्या हाती दिला जातो. मुंबईची लोकलच म्हणा ना, एक गेली की मागून दुसरी. हे उपग्रह आपसातही बोलतात, त्यामुळे तुमच्या जवळपास जमिनीवर स्टेशन नसलं तरी चालतं. आमचा फोन या घराण्यातला.

मी हे सगळं ट्रिपमध्ये बाबांना समजावलं, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. ‘‘म्हणजे ब्लॉक सेक्शन. एका स्टेशननं गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण पुढच्यानं घेतली, असं सांगितल्याशिवाय आम्ही सोडत नव्हतो हं.’’

या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही.

ती रात्र

ऊडनाडाटाच्या अलीकडे ५८ किलोमीटरवर अल्जेबकिना पूल आहे. जुन्या घानचा, १८९२ चा, ५७८ मीटर लांब. खाली नील्स नदी. बाबा खूश! ‘‘आमच्या सिंगल लाइनवर नीलचं टोकन इन्स्ट्रुमेंट होतं. त्यातला लोखंडी गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही.’’ त्या नीलचा आणि या नदीचा काहीएक संबंध नाही, पण बाबांना तेवढंही पुरलं. पुलाचे १९ गाळे त्यांनी स्वतः मोजले.

आम्ही डोहाच्या काठी, गमच्या मोठ्या झाडांखाली तंबू ठोकला. जुलै म्हणजे तिथला कडाक्याचा हिवाळा. गरमागरम खिचडी, पापड, वर चांदण्यांचा खच. साडेआठच्या सुमाराला बाबा म्हणाले, ‘‘छातीत जरा जड वाटतंय. पित्त झालं असेल.’’

पित्त. आपल्याकडे निम्मी संकटं याच नावानं घरात शिरतात. मी टॉर्च त्यांच्या चेहऱ्यावर धरला. बाहेर बोटं गारठवणारी थंडी आणि बाबांच्या कपाळावर घाम. डावा खांदा ते सारखा चोळत होते.

‘‘फोन आण,’’ नवरा म्हणाला.

कप्प्यातून फोन काढला. बॅटरी एक दांडी! आदल्या दिवशीच्या ट्रायलनंतर मी तो बंदच केला नव्हता. गाडीच्या पत्र्याखाली तो बिचारा दीड दिवस उपग्रह शोधत राहिला आणि स्वतःची बॅटरी खात राहिला. चार्जर? किटच्या तळाशी. लावायचा कुठे? गाडीच्या सॉकेटमध्ये छोटा फ्रिज लावलेला, दही गार राहावं म्हणून! फ्रिजची पिन उपटली. थोडं चार्जिंग होईतो नऊ मिनिटं गेली.

मग तंबूपाशी उभी राहून ट्रिपल झिरो फिरवला. हा ऑस्ट्रेलियाचा इमर्जन्सी नंबर. ‘सर्चिंग... सर्चिंग...’ डोक्यावर गमची गर्द झाडं. या फोनला आकाश लागतं हो, मोकळं आकाश! हे ध्यानात यायला सहा मिनिटं. धावत काठाच्या उघड्या चढावर गेले. रिंग गेली. पोलीस, आग की ॲम्ब्युलन्स? ॲम्ब्युलन्स. पुढचा प्रश्न, तुम्ही कुठे आहात? ‘अल्जेबकिना’चं स्पेलिंग सांगता सांगता मी सवयीनं फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला, कारण दुसऱ्या हातात टॉर्च होता. अँटेना आडवी झाली. कॉल तुटला.

परत लावला. आता त्यांना हवे होते अक्षांश-रेखांश. माझी समजूत अशी, की एवढा आकाशातला फोन, त्यांना आपली जागा आपोआप दिसत असणार. पण तसं गृहीत धरायचं नसतं. आकडे वाचून दाखवायचे असतात. नशीब, नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. साध्या मोबाईलला नेटवर्क नसलं तरी त्याचं जीपीएस चालू असतं. त्याच्या मोबाईलवरचे आकडे मी एकेक करून वाचले, त्यांनी ते परत म्हणून दाखवले. ‘‘डॉक्टर तुम्हाला लगेच फोन करतील,’’ असं सांगून त्यांनी ठेवला.

मी काय केलं असेल? बॅटरी वाचावी म्हणून अँटेना दुमडली, फोन जाकिटाच्या खिशात घातला आणि बाबांकडे पळाले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाबा कॅम्पच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले. फोन वाजेना. मला त्या सगळ्या देशाचाच राग यायला लागला. पंधराव्या मिनिटाला नवरा ओरडला, ‘‘अगं, अँटेना!’’

दुमडलेल्या अँटेनाचा, खिशातला सॅटेलाइट फोन ठार बहिरा असतो. तिकडे डॉक्टर फोन करत होते आणि इकडे मी तो खिशात दाबून धरला होता. उघड्यावर जाऊन अँटेना सरळ केली आणि दोन-तीन मिनिटांत फोन खणखणला. फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे डॉक्टर होते. आवाज शांत, प्रश्न नेमके. दुखणं कधी सुरू झालं, कुठे पसरतंय, कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी? बाबांच्या औषधांच्या पाऊचमध्ये ॲस्पिरिन होती. किती चावून खायची ते त्यांनी सांगितलं. बाबांना चालू देऊ नका, अर्धवट बसवूनच न्या, हळू निघा, ऊडनाडाटाहून नर्स गाडी घेऊन समोरून येतेय. कांगारूंकडे लक्ष ठेवा.

अर्ध्या वाटेवर समोरून दोन दिवे दिसले. ते दिवे मी जन्मात विसरणार नाही. मध्यरात्रीनंतर ऊडनाडाटाच्या धावपट्टीवर विमान उतरलं आणि सकाळी बाबा अ‍ॅडलेडच्या हॉस्पिटलात होते. एक स्टेंट पडला. आठवड्यात घरी आले.

४१ मिनिटांचा हिशेब

मी आयटीवाली. काही बिघडलं, की मुळाशी गेल्याशिवाय झोप लागत नाही. कप्प्यातून फोन काढल्यापासून डॉक्टरांचा आवाज ऐकेपर्यंत ४१ मिनिटं गेली होती. बॅटरीची नऊ, झाडांखालची सहा, तुटलेल्या कॉलची चार, खिशातल्या बहिरेपणाची पंधरा. म्हणजे ३४ मिनिटं सरळसरळ आमची! उपग्रह? ते तर बिचारे सबंध वेळ, ठरल्या वेळेला, एकामागून एक डोक्यावरून जात होते.

हॉस्पिटलच्या कॉटवर बाबांना हा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘‘लाइन क्लिअर न घेता गाडी सोडलीत तुम्ही.’’ मग समजावून सांगितलं. दोन स्टेशन मास्तर फोनवर बोलतात तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणून चालत नाही. प्रत्येकाकडे गुप्त आकड्यांचा एक कागद असतो. निरोप मिळाला म्हणून पलीकडचा आपला आकडा देतो, तो रजिस्टरमध्ये लिहायचा. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. ‘‘तो मिळाला, की निरोप पोचला. तोपर्यंत तू नुसती बोललीस.’’

सॅटेलाइट फोनच्या भरवशाबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी नंतर कुठल्याही ब्रोशरमध्ये वाचलं नाही. भरवसा यंत्राचा असतोच, पण यंत्रापासून माणसापर्यंतच्या साखळीचाही असतो. आणि ती साखळी तुटते ती बहुतेक वेळा जमिनीवर.

आकाशही कधी कधी दगा देतं

बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. उपग्रहवाल्या कंपन्यांचा इतिहासही काही कमी मसालेदार नाही. इरिडियमची सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. अब्जावधी डॉलर खर्चून उभं केलेलं जाळं पुढच्या वर्षी नव्या मालकांना अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास मिळालं. फेब्रुवारी २००९ मध्ये तर तिचा एक उपग्रह एका बंद पडलेल्या रशियन उपग्रहावर आदळून चक्काचूर झाला. पण ६६ जणांच्या टीममधला एक गेला तरी मॅच चालू राहते, जागेवर राखीव उपग्रह आणता येतो. २०१७ ते २०१९ या काळात त्यांनी सगळी टीमच नवी केली.

उंचावरच्या घराण्याचं उलटं. तिथे एकट्याच्या खांद्यावर सगळा भार. एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ हा उपग्रह बिघडला. ऑस्ट्रेलियासकट आशिया-पॅसिफिकमधले थुरायाचे फोन एका फटक्यात मुके झाले आणि पुन्हा बोललेच नाहीत. हजारो डॉलरचं सामान बांधून निघालेल्या प्रवाशांच्या हातात पेपरवेट उरले! म्हणून पहिला प्रश्न ‘कुठला हँडसेट?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘हा बंद पडला तर दुसरं काय?’

आधी काय करायचे लोक?

हा प्रश्न आउटबॅकला दीडशे वर्षं छळतोय. आम्ही गेलो त्याच वाटेनं १८७२ मध्ये टेलिग्राफची तार गेली, अ‍ॅडलेडहून थेट डार्विनपर्यंत. लंडनचा निरोप महिन्यांऐवजी तासांत यायला लागला. त्या तारेच्या ठाण्यांचे दगडी अवशेष ट्रॅकवर आजही दिसतात. १९२८ मध्ये फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू झाली, पण डॉक्टरला बोलवायचं कसं? १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगरनं पायानं पॅडल मारून वीज तयार करणारा रेडिओ बनवला. शिवणयंत्रासारखं पाय हलवायचं आणि निरोप पाठवायचा. त्यानंतर एचएफ रेडिओ आले. त्यांचं जाळं आजही चालू आहे आणि जुनेजाणते प्रवासी त्याची शपथ घेतात, कारण त्यावर एक जण बोलला, की दहा जण ऐकतात.

आणि ज्यांचा निरोप पोचलाच नाही, त्यांच्या खुणाही इथेच आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये एक ऑस्ट्रियन जोडपं काटी थांडा-लेक एअरच्या काठी गाडी रुतून अडकलं. जवळ पाणी होतं. दिवसेंदिवस कुणी आलं नाही, तेव्हा ती तरुणी मदत आणायला विल्यम क्रीककडे चालत निघाली. जवळपास ३० किलोमीटर चालून वाटेतच गेली. गाडीपाशी असलेला तिचा जोडीदार वाचला. इथला पहिला नियम तोच. गाडी सोडायची नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

आता तर मोबाईलच सॅटेलाइट झालाय!

हो, झालाय. मे २०२३ पासून ऑस्ट्रेलियात आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलवरून उपग्रहामार्फत इमर्जन्सी मेसेज करता येतो. २०२५ मध्ये टेलस्ट्रानं स्टारलिंकच्या उपग्रहांवरून ठरावीक हँडसेटना साधे मेसेज पाठवायची सोय सुरू केली. मस्तच आहे. पण ट्रिपल झिरोला साधा एसएमएस करता येत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. शिवाय छातीत दुखणाऱ्या माणसाजवळ बसून डॉक्टरांच्या प्रश्नांना मेसेजवर उत्तरं देणं आणि तोंडानं देणं यात केवढा फरक आहे, ते मी त्या रात्री पाहिलं.

आणखी एक वस्तू आम्ही आता घेतलीय. पीएलबी, म्हणजे खिशात मावणारा बीकन. किंमत साधारण ३००-४०० ऑस्ट्रेलियन डॉलर. अँटेना उलगडून बटण दाबलं, की ४०६ मेगाहर्ट्झवर हाक जाते. ती आंतरराष्ट्रीय कॉस्पास-सारसॅटचे उपग्रह ऐकतात आणि कॅनबेरातल्या बचाव केंद्रात तुमचं नाव दिसतं. रिचार्ज नको, नंबर नको, आईनं उचलण्याची वाट बघायला नको! ॲक्टिव्हेट झाल्यावर निदान २४ तास तो ओरडत राहतो. फक्त त्याला बोलता येत नाही. काय झालंय ते सांगायला फोन, काहीच चाललं नाही तर बीकन. दोघं मिळून जोडी जमते.

निघण्यापूर्वी, प्लीज!

* घरून निघायच्या आधी खरा कॉल करा आणि घ्यासुद्धा. गच्चीत किंवा अंगणात उभं राहून. सोबतच्या प्रत्येकानं एकदा तरी.
* प्रीपेड असेल तर व्हॅलिडिटी बघा. बॅलन्स असून मुदत संपलेली असते. देशाच्या कोडसकट नंबर आधीच सेव्ह करा.
* गाडीत शोधत ठेवू नका. काम झालं की बंद करा. चार्जर हाताशी ठेवा, जास्तीची बॅटरी घ्या.
* आकाश मोकळं हवं, अँटेना उभी हवी. झाड, कडा, छप्पर नको. परत फोन येणार असेल तर बाहेरच थांबा, फोन चालू ठेवा.
* आधी जागा सांगा, मग गोष्ट. कॉल तुटला तरी अक्षांश-रेखांश पोचलेले असतात. पलीकडच्याला ते परत म्हणायला लावा.
* घरच्या एकाला नंबर आणि प्लॅन द्या. कुठल्या दिवशी कुठून फोन येणार आणि नाही आला तर किती तासांनी कुणाला कळवायचं, हे लिहून द्या.
* पीएलबीची नोंदणी करा. ऑस्ट्रेलियात ती फुकट असते. भाड्यानं घेतलात तर तुमचा प्लॅन नोंदवून घ्या.
* आई-बाबा भारतातून येणार असतील तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच. जुनी दुखणी लपवू नका.
* आणि हे सर्वांत महत्त्वाचं: तो फोन घेऊन भारतात येऊ नका! आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. २००८ च्या २६/११ च्या हल्लेखोरांनी असा फोन वापरला, त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी ट्रेकिंगची छोटी यंत्रंही यात येतात. त्यांच्यापायी परदेशी पर्यटकांना गोव्यासकट अनेक विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या आहेत. सह्याद्रीत ट्रेकला मिरवायला म्हणून आणाल आणि ट्रेक होईल पोलीस स्टेशनचा!

आकाशवाणी

२०२५ च्या जुलैमध्ये आम्ही परत गेलो. या वेळी बर्ड्सव्हिल ट्रॅक, मरीपासून बर्ड्सव्हिलपर्यंत ५०० किलोमीटरच्या वर. फोन आता स्वतःचा, नंबर कायमचा. बाबा मिरजेला, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात. प्लॅनचा कागद त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटनं लावून ठेवला होता. रोज संध्याकाळी, ऑस्ट्रेलियातल्या सहा वाजता कॉल. सातपर्यंत नाही आला तर काय करायचं, तेही त्याच कागदावर.

पहिल्या संध्याकाळी गाडीपासून वीस पावलं दूर जाऊन उभी राहिले. अँटेना सरळ. वर एकही फांदी नाही. मिरजेला रिंग गेली आणि दुसऱ्या रिंगला आईनं उचलला. तिनं माझा हा नंबर ‘आकाशवाणी’ या नावानं सेव्ह केलाय.

‘‘आकाशवाणी, बोला!’’

मी जागा सांगितली, आकडे वाचले. तिनं चष्मा लावून एकेक आकडा परत म्हणून दाखवला. मागून बाबांचा आवाज आला, ‘‘लिहिलंस का? मग प्रायव्हेट नंबर दे तिला.’’

‘‘सत्तेचाळीस,’’ आई म्हणाली.

मी तो माझ्या डायरीत लिहिला. मगच फोन ठेवला.